सहा मैलांवरचा दस्ता

पाच गॅलनचं माप पालथं केलं की आतलं पेट्रोल पुरतं निथळायला तीस सेकंद द्यावे लागतात. नियमच आहे तसा. त्या तीस सेकंदांत वेंडेल हावेल्का कशाचाही विचार करत नसे; सव्वीस वर्षं ओमाहातले पेट्रोलपंप तपासून त्याने आयुष्यात कमावलेली ही एकमेव चैन होती. त्या गुरुवारी बहात्तराव्या रस्त्यावरच्या पंपावर अकराव्या सेकंदाला त्याच्या खिशातला फोन वाजला आणि फोनवर डोरीनचं नाव दिसलं. गुरुवारी डोरीन फोन करत नाही. गुरुवारी तिच्या शाळेच्या स्वयंपाकघरात सहाशे पोरांसाठी राजमा-खिम्याची चिली आणि दालचिनीचे रोल असतात, आणि त्या दिवशी तिला फोन करायचा तर कुणीतरी गेलेलं असावं लागतं. म्हणून त्याने आधी मनातल्या मनात नातेवाईक मोजले आणि मग फोन कानाला लावला. कुणी गेलेलं नव्हतं. मागे भांडी आपटत होती, कुणीतरी रोलचे ट्रे ओढत होतं, आणि त्या गदारोळात डोरीन सांगत होती की तिने खासदारांच्या कार्यालयात फोन केला होता, तिथली मुलगी फार गोड आहे, त्याचा अर्ज कुठे अडकलाय याची ते लोक थेट वॉशिंग्टनला चौकशी करणार आहेत, फक्त त्याची एक संमतीची सही लागेल, कागद तिने छापून ठेवलाय, रविवारी येशील तेव्हा कर. मग ती म्हणाली, ठेवते, दालचिनी करपतेय. वेंडेलने फोन खिशात टाकला. माप अजून त्याच्या हातात पालथंच होतं. किती सेकंद गेले ते त्याला सांगता आलं नसतं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने एक माप पुन्हा घेतलं, आणि पंपवाला, ज्याचं यंत्र वास्तविक अगदी चोख होतं, उगाचच घाबरला.

अर्ज कुठेच अडकलेला नव्हता. तो मार्च महिन्याच्या चार तारखेला गेला आणि एकोणीस तारखेला मंजूर होऊन आला, पंधरा दिवसांत. मंजुरीचा कागद वेंडेलच्या घरी, मोज्यांच्या कप्प्यात, मोज्यांच्या खाली होता. आता ऑक्टोबर चालू होता. मधल्या सात महिन्यांत डोरीनने दर रविवारी विचारलं होतं, आलं का रे काही, आणि दर रविवारी त्याने नकारार्थी मान हलवली होती. खोटं म्हणावं असं एक वाक्यही त्याने उच्चारलेलं नव्हतं, पहिला रविवार सोडला तर. नुसती मान. पण मानेलाही माप असतं हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

अर्ज ज्या वस्तूसाठी होता ती तशी छोटी होती. नळी आठ इंचांची, चेक बनावटीची, दिसायला रायफलीचं लहान भावंड. पण कायद्याच्या लेखी ती पिस्तूल, कारण तिला खांद्याला टेकवायचा दस्ता नव्हता. दस्ता लावला रे लावला की तीच वस्तू आखूड रायफल होते, आणि आखूड रायफल बाळगायची तर आधी सरकारकडे अर्ज करायचा, दहा बोटांचे ठसे द्यायचे, फोटो द्यायचा, कर भरायचा आणि वाट बघायची. दस्त्याऐवजी तिच्या मागे मनगटाला बांधायचा एक टेकू येत असे. हा टेकू मनगटाला बांधला तर टेकू, आणि चुकून खांद्याला लागला तर तो टेकू राहतो की दस्ता होतो, यावर मोठमोठ्या लोकांनी वर्षानुवर्षं काथ्याकूट केला होता. एका वर्षी तो दस्ता ठरला, पुढे पुन्हा टेकू ठरला. या सगळ्या काळात वेंडेलचं पिस्तूल कपाटात ज्या जागी होतं त्याच जागी होतं, आणि आपण आज गुन्हेगार आहोत की नाही हे तो सकाळी कॉफी पिताना बातम्यांत बघत असे. त्याला यात राग येण्यासारखं काही वाटत नसे. उलट, अर्ध्या इंचावरून वस्तूची जात बदलते हे त्याला मनापासून पटत असे. पाच गॅलनमागे सहा घन इंचांपर्यंतची चूक ही चूक, आणि सातव्या इंचाला ती लबाडी. यावर तर त्याचं पोट चालत होतं.

डोरीनशी घटस्फोट झाल्यावर त्याने ते घेतलं. कशासाठी, हे कुणी विचारलं तर तो संरक्षणासाठी म्हणून सांगे, आणि ऐकणारा त्याच्याकडे बघून विषय बदलत असे. खरं म्हणजे त्याला ते मांडायला आवडायचं. मूठ बदलायची, पुढची पकड बोटभर मागे घ्यायची, नेम धरायची काच पाव इंच वर चढवायची, डोळे मिटून उचलायचं आणि उघडून बघायचं की काच बरोबर डोळ्यासमोर येते का. नाही आली की परत पाने आणि स्क्रू. नेमबाजीच्या क्लबात सगळ्यांचंच असं होतं. प्रत्येकाच्या तळघरात नको झालेल्या मुठी, पट्टे आणि टेकू यांचा एक खोका असतो, आणि त्या खोक्याबद्दल कुणी कुणाला विचारत नाही, जसं दुसऱ्याच्या पहिल्या लग्नाबद्दल विचारत नाहीत. वेंडेलच्या खोक्यात एका उजव्या हातासाठी चार मुठी होत्या. गोळ्या तो वर्षाला फारतर दोन डबे झाडायचा. बाकी सगळा वेळ त्या वस्तूला आपल्या हाडांशी जुळवण्यात जायचा, आणि त्या जुळवण्यात अशी एक शांतता होती की जी त्याला माणसांबरोबर बसताना कधी मिळाली नव्हती. एकाच माणसाबरोबर मिळाली होती, आणि तिच्याशी त्याने सहा वर्षांपूर्वी, दोघांनाही नीटसं सांगता येणार नाही अशा कारणासाठी, काडीमोड घेतला होता.

कारण शोधायचा प्रयत्न त्याने प्रामाणिकपणे केला होता. भांडण झालं नव्हतं. तिसरं कुणी नव्हतं. एकदा सकाळी डोरीन म्हणाली होती, तू माझ्याशी गेले आठ दिवस फक्त आकडे बोललायस. त्याने आठवून पाहिलं तर ते खरं होतं: तापमान, दुधाची तारीख, गाडीचे मैल. त्यावर त्याने काहीतरी बोलायला हवं होतं, आणि तो म्हणाला, आठ नव्हे, सहा. तिथून ते वकिलाकडे जायला दीड वर्ष लागलं, पण रस्ता तो तिथेच फुटला असावा. निरोप घेताना डोरीन रडली नाही. म्हणाली, मापाड्या, जपून राहा. मापाडी हे तिने त्याच्या नोकरीच्या पहिल्या वर्षी ठेवलेलं नाव, आणि कोर्टाच्या कागदांत त्याची वाटणी कुठेच झालेली नसल्याने ते तिच्याकडेच राहिलं.

दस्ता तिच्याकडे कसा गेला याची गोष्ट मात्र कायद्याची आहे. क्लबच्या गल्ल्यावर ऑर्व्हिल झेलेनी बसतो. चाळीस वर्षं त्याने तेराव्या रस्त्यावर केस कापले, त्यामुळे समोरचा माणूस उठून जाऊ शकत नाही अशा समजुतीने बोलायची त्याला सवय आहे. ऑर्व्हिलचं म्हणणं असं, की मंजुरी यायच्या आधी पिस्तूल आणि दस्ता एकाच छपराखाली सापडले, आणि तो दस्ता जिला लागू शकेल अशी दुसरी कुठली बंदूक त्या घरात नसली, तर जोडलेले नसले तरी ते जोडलेलेच; कारण माणसाच्या मनात काय होतं हे उघड आहे. यावर क्लबात पंथ पडले होते. काहींच्या मते छप्पर महत्त्वाचं नाही, कुलूप महत्त्वाचं. काहींच्या मते गॅरेज घराला लागून नसेल तर ते वेगळं छप्पर. एकाने आपला दस्ता सासूच्या घरी ठेवला होता, तिला तो उशी झोडपायचा दांडा वाटत होता. वेंडेलने सगळं ऐकून घेतलं आणि सर्वांत कडक पंथ स्वीकारला. त्याला दस्ता दुकानातला, काळ्या प्लॅस्टिकचा नकोच होता. डोरीनच्या वडिलांच्या शेतावर वादळात पडलेल्या काळ्या अक्रोडाची एक जाड फळी तिच्या गॅरेजात नऊ वर्षं उभी होती. लाकूड तिथेच, छप्पर वेगळं, मधलं अंतर गाडीच्या काट्याप्रमाणे सहा पूर्णांक दोन मैल. त्याने फोन करून सगळा कायदा तिला सांगितला. डोरीनने तो शांतपणे ऐकला आणि म्हणाली, म्हणजे तू आणि दस्ता एका घरात राहिलात तर गुन्हा, असंच ना? मग राहू दे इथेच. मला या कामाची सवय आहे.

फळी कापली, रंध्याने तासली, कानशीने घासली. हे सगळं तिच्या गॅरेजात, रविवारी, चर्च सुटल्यावर. पिस्तूल तिथे आणायची सोय नव्हती, म्हणून त्याने त्याच्या मागच्या टोकाचं कागदी माप आणलं होतं आणि त्याबरहुकूम खाच कोरत होता. ज्याला लावायचं ते समोर नाही, आणि तरी त्याच्या मापाचं काहीतरी हातात आकाराला येतंय, अशी ती अजब कारागिरी. पहिल्या दोन रविवारी डोरीन दारातून डोकावून गेली. वडिलांच्या झाडाचा भुगा बुटांना लागतो म्हणून कुरकुरली आणि जाताना त्यातला चिमूटभर नाकाशी नेऊन हुंगला, ते त्याने पाहिलं.

मग एकोणीस मार्च आला. त्या आठवड्यात आकाशात क्रौंच पक्ष्यांच्या रांगा होत्या आणि वेंडेल खुशीत होता. एवढ्या लवकर मंजुरी आल्याने एखाद्या परीक्षेत उगाच पहिला आल्यासारखं त्याला वाटत होतं. चोविसाव्या तारखेच्या रविवारी तो कागद खिशात घालून डोरीनकडे गेला. गॅरेजचं दार उघडंच होतं. आत बाकड्याजवळ, जिथे एक खुर्ची असायची, तिथे दोन होत्या. दुसरी जेवणघरातली, गादीची, तीवर डोरीन बसली होती. तिने जुना शर्ट घातला होता, कदाचित त्याचाच, आणि सगळ्यांत बारीक पॉलिश पेपर दुमडून ती दस्त्याची कड घासत होती, रेषांच्या दिशेने, अगदी बरोबर. मान वर न करता तिने विचारलं, आलं का रे काही? तो त्या दुसऱ्या खुर्चीकडे बघत राहिला. मग त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला: "कुठलं. वर्ष जाईल." आणि डोरीन म्हणाली, बरं झालं, अजून कड ओबडधोबडच आहे.

तेव्हापासून तेल सुरू झालं. अक्रोडाला तेल चढवायचं तर घाई चालत नाही. चार थेंब घ्यायचे, तळहाताच्या टाचेने चोळायचे, हात गरम होईपर्यंत. लाकूड त्या उबेने तेल पितं. जास्तीचं पुसून काढायचं आणि आठवडाभर हात लावायचा नाही. वेंडेलला हे पुस्तकातून माहीत होतं, डोरीनला पिठामुळे. तिचे तळहात त्याच्यापेक्षा गरम होते. तीस वर्षं कणीक मळणाऱ्या बाईचे असतात तसे. चौथ्या-पाचव्या हातानंतर लाकडातून एक तांबूस-काळी लाट वर येऊ लागली, आणि ती दोघं डोकं जवळ आणून ती लाट बघायची, जसं काही जण मुलाच्या डोळ्यांचा रंग बघतात. त्यांना मूल नव्हतं. त्याबद्दल ते बोलत नसत. ते तेलाबद्दल बोलत, तिच्या शाळेतल्या नव्या भट्टीबद्दल, शनिवारच्या फुटबॉलच्या सामन्यात कुणी माती खाल्ली त्याबद्दल. मग ती कोबी आणि खिमा भरलेले पाव गरम करायची, तो टोमॅटोचा रस घातलेली बिअर ओतायचा, आणि चार वाजता तो निघायचा. एखाद्या रविवारी त्याच्या लक्षात आलं की आज आपण एकही आकडा बोललो नाही. हे तिला सांगावंसं वाटलं, पण सांगायला गेलं तर त्यातही एक आकडा येत होता.

दस्ता जूनमध्येच झाला होता. हे कुणालाही दिसलं असतं. अकरा हात झाल्यावर अक्रोड आणखी तेल पीत नाही, नुसतं सहन करतं. आता सव्वीस झाले होते.

आणि घरी पिस्तूल होतं. मंजुरी आल्यावर बनवणाऱ्याचं, म्हणजे दस्ता लावणाऱ्याचं, नाव आणि गाव त्या धातूवर कोरावं लागतं, ठरलेल्या उंचीच्या अक्षरांत, ठरलेल्या खोलीपर्यंत. ते काम त्याने एप्रिलातच करून घेतलं होतं. खोटं बोलायचं म्हणून नियम मोडायचा, हे त्याच्या स्वभावात नव्हतं. वेंडेल हावेल्का, ओमाहा, नेब्रास्का. खोली त्याने स्वतःच्या गेजने मोजून पाहिली. आपलं नाव इतकं खोल कोरलेलं त्याने याआधी एकाच ठिकाणी पाहिलं होतं, चेक लोकांच्या दफनभूमीत, वडिलांच्या शेजारच्या दगडावर. तो दगड त्याने आणि डोरीनने लग्नाच्या विसाव्या वर्षी जोडीने घेतला होता, जोडीने घेतला की स्वस्त पडतो म्हणून. डावीकडे त्याचं नाव, उजवीकडे तिचं, पुढे जन्मसाल आणि एक छोटी आडवी रेघ. घटस्फोटाच्या वेळी घर, गाडी, बर्फ ढकलायचं यंत्र, सगळ्याचा विचार झाला. दगडाचा विषय दोघांपैकी कुणीच काढला नाही. दगड तसाच आहे.

क्लबात त्याला उत्तरोत्तर सहानुभूती मिळू लागली. त्याच्यानंतर अर्ज केलेल्यांचे कागद आठवड्यात, दहा दिवसांत येत होते आणि वेंडेल अजून थांबलेलाच. त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं; ओमाहा एवढंसं गाव आहे, आणि ऑर्व्हिलला सांगणं म्हणजे डोरीनला सांगणंच. लोक गल्ल्याशी टेकून त्याच्या दुःखाची मीमांसा करत. कुणी म्हणे बोटांचे ठसे पुसट आले असतील, पेट्रोलने रेषा झिजतात. ऑर्व्हिलने स्वतःची उपपत्ती तयार केली होती: टेक्ससमध्ये कुणीतरी दुसरा वेंडेल हावेल्का असणार, अट्टल बदमाश, आणि त्याच्या पापांमुळे आमच्या देवमाणसाचा कागद दाबून ठेवलाय. तो बदमाश क्लबात हळूहळू चांगलाच वाढला. ऑगस्टपर्यंत त्याने दोन बँका लुटल्या होत्या. वेंडेल ऐकत उभा राही आणि त्या टेक्ससच्या माणसाबद्दल त्याला विलक्षण जवळीक वाटे.

हीच उपपत्ती ऑर्व्हिलने परवा किराणाच्या दुकानात, बटाट्यांपाशी, डोरीनला सांगितली होती, हे वेंडेलला शुक्रवारी क्लबात कळलं. ऑर्व्हिल कौतुकाने सांगत होता, बाई अशी पेटली म्हणतोस. म्हणाली, काय म्हणजे, सरकार वेंडेलला चोर समजतं? ज्या माणसाने आयुष्यात पिवळा सिग्नलसुद्धा ओलांडला नाही त्याला? तिथून ती घरी गेली आणि तिने खासदारांच्या कार्यालयाचा नंबर शोधला. "बाबा रे," ऑर्व्हिल म्हणाला, "माझी सख्खी बायको माझ्यासाठी टपाल कचेरीलासुद्धा फोन करणार नाही." वेंडेल बाहेर येऊन गाडीत बसला.

शनिवार त्याने पिस्तुलासमोर घालवला. सामना चालू होता, आवाज बंद करून ठेवला होता. मूठ काढली, दुसरी बसवली, पहिली परत बसवली. हाताला कुठलीच बसत नव्हती, म्हणजे हातातच काहीतरी बिघडलं होतं. वाटा तीन होत्या. सही करायची, मग महिन्याभरात ती गोड मुलगी डोरीनला कळवेल की अर्ज एकोणीस मार्चला मंजूर झालेला आहे, कळावे. किंवा उद्या जाऊन म्हणायचं, अगं, कालच आलं बघ. पण डोरीन कागद बघायला मागेल, आणि कागदावर तारीख होती, वर उजव्या कोपऱ्यात, ठळक. त्याने कागद हातात धरून पाहिला. अंगठा त्या कोपऱ्यावर सहज बसत होता. त्याने अंगठा काढला, पुन्हा ठेवला. पेट्रोलपंपाचे मालक मीटरच्या काचेवर असाच काहीतरी कागद चिकटवतात आणि वाऱ्याने आला असेल म्हणतात. सव्वीस वर्षं तो त्या चेहऱ्यांकडे बघत आला होता, आणि तो चेहरा आतून कसा लागतो हे त्याला आज कळत होतं. तिसरी वाट सांगून टाकायची. सांगितलं की दस्ता घेऊन यायचा. यायचा म्हणजे तिच्या बाकड्यावरून उचलून गाडीत ठेवायचा, आणि सहा मैल यायचं, आणि त्यानंतरच्या रविवारी, आणि त्याच्या पुढच्या. तिथे त्याचं डोकं थांबलं, निथळणाऱ्या मापासारखं. फरक एवढाच की पुढे कितीही वेळ दिला तरी थेंब संपत नव्हते.

रविवारी गॅरेजात ऊन तिरपं आलं होतं. डोरीनने तेलाची बाटली, फडकं आणि दस्ता मांडून ठेवला होता, आणि त्यांच्या बाजूला तो संमतीचा कागद; त्यावर त्याचं नाव, पत्ता, जन्मतारीख तिने आपल्या गोल अक्षरांत आधीच भरून टाकली होती. सहीच्या जागेवर शाळेत करतात तशी फुली मारली होती. पेन उघडून ठेवलं होतं. तिने सांगायला सुरुवात केली की त्या मुलीला तिने काय काय सांगितलं. मुलगी म्हणाली अर्जदाराबद्दल काही शंका असतील तर वेळ लागतो, त्यावर आपण म्हटलं, बाळ, शंका? हा माणूस खोटं बोलत नाही, नैतिकतेमुळे नव्हे, त्याला जमतच नाही. मुलगी हसली म्हणे. डोरीनही हे सांगताना हसली, आणि पेन त्याच्या हातात दिलं. त्याने पेन घेतलं. फुलीकडे पाहिलं. मग पेन टोपण लावून बाकड्यावर ठेवलं, कडेला समांतर.

"एकोणीस मार्चला आलं," तो म्हणाला.

डोरीनला आधी वाटलं तो कुठल्यातरी पत्राबद्दल बोलतोय. मग त्याने खिशातून कागद काढला आणि पूर्ण उलगडून तिच्यापुढे धरला, अंगठा खाली ठेवून. तिने चष्मा लावला. वाचायला दोन मिनिटं लागतील एवढा काही त्यात मजकूर नव्हता, तरी तिने तेवढा वेळ घेतला. बाहेर शेजारी पानं गोळा करायचं यंत्र चालवत होता, ते बंद पडलं.

"ईस्टरच्या आधी," ती म्हणाली.

"हो."

"मी त्या पोरीला काय काय सांगितलं तुझ्याबद्दल, वेंडेल." ती त्याला नावाने हाक मारते तेव्हा प्रकरण गंभीर असतं. "सरकारच्या माणसाला सांगितलं मी."

माफी मागायची तर किती मागावी याचा त्याला अंदाज येईना. डोरीनने कागदाची घडी घातली, होती तशीच, आणि विचारलं, का. आवाज चढवला नाही. शाळेत जेवण सांडणाऱ्या पोराला ती विचारते तसंच, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं.

"दस्ता झाला होता," तो म्हणाला. आणि ते पुरेसं नाही हे त्याचं त्यालाच दिसलं. "झाला असं म्हटलं असतं तर न्यावा लागला असता."

डोरीनने दस्ता उचलला. उन्हात धरला, फिरवला. लाट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेली. किती चकचकीत झाला होता. सावजाला दुरूनच दिसेल अशा चकाकीपायी शिकारीच्या दिवसांत वेंडेलच्या वडिलांनी त्याला हसून घरी पाठवलं असतं. तिने तो खाली ठेवला आणि हात शर्टाला पुसले. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. त्यात राग होता हे नक्की, आणि आणखी काय होतं ते ओळखायला वेंडेलकडे यंत्र नव्हतं.

"खोटं मोजणारा पंप सापडला की तू काय करतोस?"

"लाल चिठ्ठी लावतो."

"आणि?"

"दुरुस्त करून पुन्हा तपासून घेईपर्यंत बंद."

"मुदत किती?"

"तीस दिवस."

"मग तीस दिवस तू इथे यायचं नाहीस," ती म्हणाली. "मला रागावायला तेवढे लागतील. आणि त्या पोरीला तूच फोन करायचास. माझ्यासमोर नको, मला ऐकवणार नाही."

तो उठला. मंजुरीचा कागद घेतला. मग, आता हे पुढे ढकलण्यात अर्थ नाही म्हणून, दस्त्याकडे हात नेला. डोरीनने त्याच्या मनगटावर फडक्याने एक चापट मारली, जोरात नव्हे.

"तो राहू दे तिथे."

"आता कायद्याने काही हरकत नाही. एका घरात—"

"कायदा मला नको शिकवूस, मापाड्या. माझ्या बापाचं झाड आहे."

नाव परत मिळालं होतं. ते त्याने ऐकलं आणि काही दाखवलं नाही. संमतीचा कागद तिने चुरगाळला नाही, दुमडून रद्दी कागदांच्या खोक्यात टाकला, पाठकोरा कागद फुकट घालवायचा नाही म्हणून. तो गॅरेजच्या दारापर्यंत गेला. घरी पिस्तूल होतं, इथे दस्ता होता, आणि आता जगातला कुठलाही कायदा त्या दोघांना वेगळं ठेवत नव्हता. तो उंबऱ्यावर थांबला. एक गोष्ट त्याच्या डोक्यात आली होती आणि ती बोलू नये हे त्याला कळत होतं. अशाच एका गोष्टीवरून हे घर मोडलं होतं. पण आज आधीच इतकं खरं बोलून झालं होतं की आणखी थोड्याने काय होणार होतं.

"तीस दिवस रविवारी संपत नाहीत," तो वळून म्हणाला. "मंगळवारी संपतात."

डोरीनने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. ते शाळेचं होतं, रोजच्या जेवणाचा बेत छापलेलं. तिने बोट ठेवून खरोखरच मोजलं, एक एक घर, आणि त्याला दिसलं की ती मोजताना ओठ हलवते. सव्वीस वर्षांच्या संसारात हे त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"मंगळवारी, मग," ती म्हणाली.

"मंगळवारी दस्त्याला तेल लावायचं नसतं."

"माहितीये मला," डोरीन म्हणाली. "सहा वाजता ये. जेवायला."